घोड्याचे कान वाचण्याच्या नोंदी: कंधारचा आखाडा (शेतातला गोठा), दिवाळी ते माळेगावची यात्रा

3 नोव्हेंबर

जनावरं चार. चांदणी: नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, 9 वर्षांची, वरातीला जाते. बिजली: कुमैत (तांबूस तपकिरी), काठेवाडी वळणाची, 6 वर्षांची, स्वारीची. राजा: मारवाडी, खस्सी (खच्ची केलेला), 14 वर्षांचा. शेरू: दोन वर्षांचा, पाठीला अजून काही लागलेलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा, तिथून एक घोडी आणायची आहे. मधल्या आठ आठवड्यांत आखाड्यावरच्या प्रत्येकाला, सालगड्यासकट, घोड्याचे कान बघून तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: लक्ष कुठे आहे, लाथ-चावा येतोय का, आणि दुखतंय का.

सामान: दोन जुने मोबाइल, दोन तिवया (प्रत्येकी रु. 450), 64 जीबीचं कार्ड (रु. 600), दोनशे पानी वही. तक्त्यात कानाच्या नऊ स्थिती आखल्या. दिवसातून तीन वेळा, सकाळी साडेसहा, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, प्रत्येक जनावराकडे दहा-दहा मिनिटं बघायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला खूण करायची.

9 नोव्हेंबर

सहा दिवस वाया गेले. चित्रण एकच, बघणारे दोघं आणि खुणा निरनिराळ्या. 'किंचित मागे', 'अर्धे मागे' आणि 'तिरके मागे' यांत फरक काय, हे तक्ता आखणाऱ्यालाही धड सांगता येईना.

त्याहून मोठी चूक तक्त्यातल्या चित्रांची होती. ती परदेशी घोड्यांची, सरळ कानांची. मारवाडी आणि काठेवाडी जनावराच्या कानाची टोकं मुळातच आत वळलेली असतात, राजाची तर एकमेकांना टेकतात. त्यामुळे राजा उभ्या उभ्या पेंगत असला तरी टोकं बघणारा 'टवकारलेले' लिहून मोकळा. आणि बिजलीचे कान थोडे मागे वळले की टोकं फाकतात, ते 'बाजूला' म्हणून लिहिले गेले. सगळी पानं रद्द.

दुपारची नोंदही बंद केली. एक वाजता माश्या इतक्या की कान फक्त माश्या झटकत असतात, त्यातून काही कळत नाही. ती वेळ सकाळी दहावर आणली.

10 नोव्हेंबर

नवा नियम: टोकाकडे बघायचंच नाही. कानाचं तोंड, म्हणजे उघडी बाजू, कुणीकडे आहे ते बघायचं. जात कोणतीही असो, तोंड खोटं बोलत नाही. दोन्ही कान वेगवेगळे लिहायचे, कारण घोडा एक कान पुढे आणि एक मागे ठेवू शकतो, आणि बराच वेळ तसाच ठेवतो. प्रत्येक कान जवळजवळ अर्धा फेरा फिरतो.

स्थिती पाचच ठेवल्या:

पु – तोंड पुढे.
बा – तोंड बाहेरच्या बाजूला, कान उभा.
मा – तोंड मागे वळलेलं, पण कान आणि मान यांत फट दिसते.
दा – कान मानेला दाबलेला, तोंड मिटलेलं, फट नाही.
लों – कान बाजूला लोंबतोय, मुळात जोर नाही.

प्रत्येक खुणेपुढे 'ताठ' की 'सैल' ते लिहायचं. हा शब्द तक्त्यात शेवटी आला, पण पहिल्या खुणेइतकाच महत्त्वाचा आहे. सैल 'मा' म्हणजे मागचं काहीतरी ऐकतोय. ताठ 'मा' म्हणजे थांबून सगळं जनावर बघा.

'मा' आणि 'दा' यांतच नवख्याची गल्लत होते. माणूस चावा खातो तो 'दा'ला 'मा' समजून, आणि चांगल्या घोड्याला उगाच चाबूक बसतो तो 'मा'ला 'दा' समजून. फट बघा. समोरून ती दिसत नाही, बाजूने दिसते.

12 नोव्हेंबर

कॅमेरा गव्हाणीसमोर लावला होता. तीन दिवसांचं चित्रण निकामी. एकतर समोरून 'मा' आणि 'दा' सारखेच दिसतात. दुसरं, मोबाइलच्या मागे माणूस उभा असला की चारही जनावरांचे कान त्याच्याकडेच, म्हणजे नोंद माणसाची झाली, घोड्याची नाही.

आता एक तिवई जनावराच्या खांद्याच्या रेषेत, सात फूट उंचीवर, लिंबाच्या फांदीला तारेने बांधली. दुसरी पुढच्या बाजूने तिरपी. चालू करून निघून जायचं आणि पहिली पाच मिनिटं मोजायची नाहीत. आज दोघांनी वेगवेगळं बसून तेच चित्रण लिहिलं आणि बहुतेक खुणा जुळल्या. जिथे जुळल्या नाहीत तिथे वाद 'ताठ-सैल'चा होता.

14 नोव्हेंबर

रात्रीच्या चित्रणात एक विचित्र गोष्ट. चारही जनावरांचा वैरणीच्या खोलीकडचा कान सतत त्या बाजूला, ताठ. झोपेचे 'लों' जवळजवळ नाहीतच. शेरू तर रात्रभर उभाच. साप, मांजर, चोर, सगळं बघून झालं. चित्रणात आवाज काहीच नाही.

कारण सापडलं भिंतीवर. दिवाळीनंतर उंदरांसाठी प्लगमध्ये खोचायचं यंत्र लावलं होतं, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं. माणूस साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, घोडा 33 च्या आसपास. डबीवरचा आकडा 22 पासून सुरू होतो. म्हणजे त्यातला बराच आवाज घोड्यांच्या कानावर पडत होता.

खात्री करायला दोन रात्री बंद, एक रात्र चालू, पुन्हा बंद असं केलं. बंद रात्री कान सैल आणि शेरू आडवा झाला. चालू रात्री पुन्हा तेच. यंत्र काढून टाकलं (रु. 350 गेले), वैरणीच्या खोलीत पिंजरे लावले. उंदरांना त्या यंत्राचं काही वाटत नव्हतं, हा भाग वेगळा.

17 नोव्हेंबर

चंदीच्या (दाण्याच्या) वेळी बिजलीचे दोन्ही कान 'दा', रोज, तोबरा (दाण्याची पिशवी) दिसल्यापासून संपेपर्यंत. वहीत कुणीतरी 'तापट' लिहिलं होतं, ते खोडलं. स्वभाव लिहायचा नाही, कान लिहायचा आणि त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत काय झालं ते लिहायचं.

मागे जाऊन बघितलं. तोबरा आणणाऱ्याला बघून कान 'पु', सैल. राजाने मान वळवली की त्याच क्षणी 'दा'. दोघांच्या गव्हाणींत अंतर फक्त चार फूट. धमकी माणसाला नव्हती, राजाला होती, आणि मध्ये उभा राहणारा माणूस आयता सापडत होता. राजाची गव्हाण बारा फूट सरकवली, मध्ये जुन्या दाराची फळी उभी केली. खर्च शून्य, वेळ अर्धा दिवस. तिसऱ्या दिवशी खाताना बिजलीचे कान एक 'बा', एक 'मा', दोन्ही सैल. शांतपणे खाणारं जनावर असंच दिसतं. खातानाही कान पुढेच हवेत, असा हट्ट नको.

19 नोव्हेंबर

छोटी नोंद. स्वारीत बिजलीचे कान मागे वळतात म्हणून नवीन पोराने लगाम ओढला. ती त्याचंच ऐकत होती. पाठीवर माणूस असताना एक किंवा दोन्ही कान सैल 'मा' असणं चांगलंच. ओढल्यावर मात्र 'मा' ताठ झाला आणि शेपटी फिरू लागली. शेपूट फिरली की आपलं काहीतरी चुकलंय.

20 ते 30 नोव्हेंबर: चांदणीचा तंग

या नोंदी एकत्र देत आहोत, कारण सगळ्यात महाग चूक इथे झाली.

20 तारखेच्या वरातीआधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चांदणीचे कान मागे. सांभाळणारे मामा म्हणाले, "नखरे करती, रोजचंच हाय." खूण 'दा' केली आणि वरातीला नेली. रात्री चित्रण नीट बघितलं तर ते 'दा' नव्हतं. रागात कान मानेला चिकटतो, नाक सुरकुततं, मान लांब करून जनावर माणसाकडे तोंड आणतं. इथे कान मागे होते, पण फट होती, आणि दोन्ही कान एकमेकांपासून फाकलेले, लाकडासारखे ताठ. मान लांब नव्हती, उलट आखडलेली. डोळ्यावरची पापणी त्रिकोणी आणि ओठ मिटलेले. हा कान दुखण्याचा.

घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत 2014 साली प्रसिद्ध झाली. खच्चीकरणानंतरच्या घोड्यांचे चेहरे बघून ती बसवली. तिच्यात सहा खुणा आहेत: ताठ मागे गेलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, जबड्याचे फुगलेले स्नायू, आवळलेलं तोंड आणि ताणलेल्या नाकपुड्या. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2, एकूण 12. ती शांत उभ्या जनावरावर वापरायची असते, तंग आवळताना नाही. म्हणून 21 तारखेला सकाळी ठाणावर (बांधायच्या जागी), जवळ कुणी नसताना मोजलं. 5 आले, त्यात कानाचेच 2. नाडी मिनिटाला 52. उभ्या घोड्याची 28 ते 44 असते.

कोपराच्या मागे बोट फिरवल्यावर सुपारीएवढी गाठ लागली. खोगिराखालचा नमदा त्या जागी गोळा झाला होता आणि बकल नेमकं त्यावर येत होतं. केसांखाली असल्याने खरारा करतानाही कुणाला दिसलं नाही. दिसलं नाही म्हणण्यापेक्षा खरारा तिथे गेला की घोडी सरकायची आणि हात पुढे जायचा.

पशुवैद्यक आणि औषधं रु. 1,400. नवीन नमदा रु. 700. दहा दिवस पाठीला काही नाही, दोन वरातींच्या सुपाऱ्या परत केल्या, रु. 10,000 बुडाले. तंगाचं बकल चार बोटं वर घेतलं आणि आता तंग एका दमात आवळत नाही: आधी सैल, दहा पावलं चालवून एक भोक, पुन्हा चालवून दुसरं. 30 तारखेला तंग लावताना एक कान 'बा', दुसरा मामांकडे. मामाच म्हणाले, "आता बगा, कान कसा सैल हाय."

नियम: कान मागे आणि मान पुढे, तर आधी बाजूला व्हा. कान मागे आणि मान आखडलेली, तर आधी बोट फिरवून बघा.

21 नोव्हेंबर ते 11 डिसेंबर: राजाचा डावा कान

डावा कान 'लों', उजवा ठीक. म्हातारा आहे, पेंगतो, म्हणून दोन दिवस सोडून दिलं. चूक. पेंगणाऱ्या घोड्याचे दोन्ही कान सैल होतात, खालचा ओठ लोंबतो आणि मागचा एक पाय मोडलेला असतो. इथे एकच कान, पाय चारही टेकलेले, आणि मधूनच डोकं झटकणं.

एक कान पडला की आधी तीन जागा बघायच्या: कान, पापणी, ओठ. तिन्ही एकाच बाजूला लोंबत असतील तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचं काम, त्याच दिवशी डॉक्टर. राजाची पापणी आणि ओठ सरळ होते, म्हणजे गडबड कानातच. 23 तारखेला डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन बघितलं: आत गोचिडी आणि काळा मळ. खर्च रु. 1,100. गुंगीनंतर दोन्ही कान लोंबतात, त्या दिवशीची नोंद धरायची नाही.

कानात गरम तेल किंवा रॉकेल घालू नका. गोचीड मरते, पण आतलं कातडं भाजतं आणि पुढचे सहा महिने जनावर कानाला हात लावू देत नाही.

राजाने तसाही लावू दिला नाही. औषध सात दिवस घालायचं होतं, दुसऱ्याच दिवशी एका मदतनिसाने जुन्या सवयीने कान पिळून धरला. ही पद्धत आपल्याकडे नाल मारताना सर्रास चालते. घोडा जागेवर उभा राहतो हे खरं, पण नंतर मोरखी (तोंडावरची दोरी) घालायला हात वर केला तरी मान छपराला लागते. कान पिळल्याने पाच दिवस मागे गेलो.

मग असं केलं. हाताची मागची बाजू खांद्यावर, तिथून मानेवर, तिथून कानामागच्या गुद्दीपर्यंत. कान ताठ झाला की हात तिथेच थांबवायचा, पुढे नाही आणि काढायचाही नाही. कान सैल झाला की लगेच काढायचा. ताठ असताना हात काढला तर घोडा शिकतो की ताठ केलं की माणूस जातो. दिवसातून दोन वेळा, तीन-तीन मिनिटं, जास्त नाही. पाचव्या दिवशी मुळाशी हात, नवव्या दिवशी अख्खा कान मुठीत. 11 डिसेंबरला आतून ओल्या फडक्याने पुसला तेव्हा राजाने डोळे मिटले.

7 डिसेंबर, चंपाषष्ठी

शेरूला हलगीची सवय लावायला सुरुवात. वाजवणारा 60 मीटरवर, शेरू मोकळ्या दोरीवर. जवळ कधी यायचं ते कान ठरवणार.

कान पाळीपाळीने हलगीकडे जाऊन परत येत असतील आणि तोंड चघळत असेल, तर वाजवणाऱ्याने पाच मीटर पुढे. दोन्ही कान 'पु', ताठ, मान वर, चघळणं बंद: तिथेच थांबा. हा 'टवकारलेला' कान फोटोत देखणा दिसतो, पण यानंतर कान परत सैल तरी होतात किंवा घोडा उधळतो. कान सैल व्हायला पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली. घाई करून दोन मिनिटांत पुढे गेलो, शेरूने दोरी तोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा 60 मीटरपासून. 16 तारखेला 15 मीटर.

चांदणीसाठी वेगळा प्रश्न. वरातीची झालर आणि तुरा चढवला की कान दिसतच नाहीत. ससेक्स विद्यापीठात 2014 मध्ये घोड्यांना घोड्यांचे फोटो दाखवून पाहिलं होतं: फोटोतल्या घोड्याचे कान झाकले तर बघणाऱ्या घोड्याला चाऱ्याची बादली कोणत्या बाजूला आहे ते नीट ओळखता येईना. घोड्यालाही जे जमत नाही ते बँडच्या गोंगाटात माणसाने कसं ओळखावं? झालरीची पट्टी कानाच्या मुळाशी दोन्हीकडे दोन-दोन इंच कापून मोकळी केली, शिंप्याने रु. 120 घेतले. पट्टीखाली केस घासलेले निघाले, तेही थांबेल.

डीजेसाठी कानात लोकरीचे आवळ्याएवढे गोळे. कापूस नको, तुकडे आत राहतात. गोळ्याला दोरा, दोरा मोरखीला. पहिला गोळा दोऱ्याविना घातला होता, तो डोकं झटकल्यावर मिरवणुकीत गेला. गोळे घातले तरी कान फिरतात, वाचता येतात. आवाज फक्त मंद होतो.

29 डिसेंबर, माळेगाव

खंडोबाच्या यात्रेतला घोडेबाजार. राजस्थानाकडचे व्यापारी कानाच्या हालचालीला 'कनौती' म्हणतात, आणि त्यांना ती चांगलीच कळते. गिऱ्हाईक फोटो काढायला लागलं की मागे उभा असलेला पोरगा डब्यात हरभरे वाजवतो. कान टवकारतात, घोडी चपळ दिसते. म्हणून समोर जायचं नाही. लांब चहाच्या टपरीवरून वीस मिनिटं बघायचं. कुणी जवळ नसताना कान ताठ मागे असतील तर किंमत विचारायचीच नाही.

तीन घोड्या बघितल्या. पहिलीचे कान तंग लावताना चांदणीसारखे. सोडली.

दुसरीवर सगळ्यांचं मन बसलं होतं. रुंद पांढरं कपाळ, निळे डोळे, शेजारी हलगी कडाडते आहे आणि कान सैल. विकणारा म्हणाला, "सुतळी बॉम्ब लावा, हलायची नाही." तेच खटकलं. शांत घोडी आवाजाकडे एकदा तरी कान फिरवते, मग सोडून देते. हिचे कान फिरत होते, पण फक्त डोळे फिरतील तिकडे. मागच्या बाजूने, तिला दिसणार नाही अशा जागी, बारा फुटांवरून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. कान नाही. डावीकडून, उजवीकडून, तीनदा. कान नाही. माणूस बाजूने दिसायला लागला तेव्हा दोन्ही कान एकदम त्याच्याकडे आणि अंग दचकलेलं. घोडी बहिरी. चेहऱ्यावर रुंद पांढरं आणि डोळे निळे असलेल्या जनावरांत बहिरेपणा जास्त आढळतो, आणि बाजारात तोच गुण म्हणून विकला जातो. बहिरी घोडी कामाला वाईट नसते, पण वरातीत तिच्या मागे लेकरं असतात.

तिसरी कुमैत, 5 वर्षांची. जुडगा वाजल्यावर डावा कान मागे, सैल, दोन सेकंदांत परत. कानाला हात लावू दिला नाही, मान वर केली. कुणीतरी पिळलेला असणार. त्यावर रु. 4,000 कमी करून घेतले.

31 डिसेंबर

नवी घोडी ठाणावर. पहिल्या रात्री 'लों' एकदाही नाही, दोन्ही कान आलटूनपालटून सगळीकडे. बिजलीपासून पंधरा फुटांवर बांधली आहे. खांद्यावर हात ठेवायला उद्यापासून, कानापर्यंत कधी पोचू ते वहीत येईल.